रमजान महिना आणि माफीचा हिशेब

आमच्या बचत गटाची मासिक बैठक एरवी दुपारी तीनला असते. रमजान लागला की ती आम्ही सकाळी अकरावर आणतो. का, म्हणून विचारलं तर गटातल्या बऱ्याच जणी एवढंच सांगतील, "त्यांचे रोजे असतात ना." रोजा म्हणजे उपवास, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या महिन्याला दयेचा महिना का म्हणतात, हे भिंतीला भिंत लागून राहूनही आपण कधी विचारलं नव्हतं. आम्हीही नव्हतं. गेल्या रमजानमध्ये विचारायची वेळ आली. ती कशी आली ते पुढं सांगतो.

आधी महिन्याचं. रमजान हा हिजरी वर्षातला नववा महिना. हे वर्ष चंद्रावर चालतं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. आपल्या पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण आपण मधूनमधून अधिक महिना घालून ऋतूशी मेळ बसवतो. हिजरीत अधिक महिना नाही. त्यामुळं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. २०१७ साली रोजे मेच्या अखेरीस लागले होते, २०२५ साली मार्चच्या सुरुवातीला. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा एकदा रमजान लागेल. याच महिन्यात कुराण उतरायला सुरुवात झाली, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याचं मोल मोठं.

पहाट फुटण्याआधी खायचं ती सहेरी, सूर्य मावळल्यावर सोडायचं तो इफ्तार. मधल्या वेळात पाण्याचा घोटसुद्धा नाही. उन्हाळ्यात हे चौदा तासांच्या वर जातं. आणि सहेरीच्या भाकरी थापायला साडेतीनला कोण उठतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आमच्यातल्या एका तरुण पोरीची गोष्ट सांगतो. तिचं बाळ चार महिन्यांचं, अंगावर पिणारं. शेजारच्या बाया काय म्हणतील या भीतीनं तिनं रोजे धरले. चौथ्या दिवशी बाळ रडायचं थांबेना. आमच्या गटाच्या सचिव, त्यांना आम्ही भाभी म्हणतो, तिच्यावर चिडल्या. त्यांनी तिला बसवून समजावलं की आजारी माणूस, प्रवासी, पोटुशी बाई आणि पाजती आई यांना सूट आहे. राहिलेले रोजे पुढं तब्येत साथ देईल तेव्हा भरून काढता येतात. पाळीच्या दिवसांत तर रोजा धरायचाच नसतो, तेवढे दिवस नंतर मोजून करायचे. कायमचं आजारपण किंवा फार म्हातारपण असेल, तर प्रत्येक रोज्यामागं एका गरिबाला जेवू घालायचं. भाभी तिला म्हणाल्या, "अल्लानंच सूट दिलीय, तू का स्वतःला शिक्षा करतीस?" पोरीनं दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला. आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की दया हा शब्द त्यांच्याकडं नुसता प्रार्थनेतला नाही, तो नियमातच घातलेला आहे.

देवाला त्यांच्यात रहमान आणि रहीम म्हणतात. कुराणाचे ११४ अध्याय आहेत, त्यातले ११३ या दोन नावांनी सुरू होतात. दोन्ही नावं ज्या अरबी धातूतून आली, त्यातूनच आईच्या गर्भाशयासाठीचा शब्दही आलाय. हे ऐकून बैठकीत एक म्हातारी म्हणाली, "मग बरोबर नाव ठेवलंय." पैगंबरांच्या शिकवणुकीत असंही सांगितलंय की देवानं दयेचे शंभर भाग केले, नव्व्याण्णव स्वतःजवळ ठेवले आणि एकच पृथ्वीवर उतरवला. पिलावर पाय पडू नये म्हणून जनावर खूर उचलून धरतं, ते त्या एका भागामुळं. गोठ्यात वावरणाऱ्या बाईला यापुढं वेगळं समजवावं लागत नाही.

महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानतात. पहिला दयेचा, दुसरा माफीचा, तिसरा नरकाच्या आगीतून सुटकेचा. शेवटच्या दहातल्या एका विषम रात्री, म्हणजे एकविसावी, तेविसावी अशा रात्रींपैकी एक, शबे कद्र असते. बरेच जण सत्ताविसावी धरतात. ती एक रात्र हजार महिन्यांहून मोठी मानतात. हजार महिने म्हणजे ८३ वर्षं ४ महिने, एक अख्खा जन्म.

याच महिन्यात बहुतेक घरी जकात काढतात. कर्ज वजा जाता वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठेवीचा चाळिसावा भाग, म्हणजे शंभराला अडीच रुपये. चाळीस हजार असतील तर एक हजार. पण ठेव एका मर्यादेच्या वर असेल तरच. ती मर्यादा साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढी. हा तोळा जुना, साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. आज सोनार दहा ग्रॅमचा तोळा धरतो, त्या मापानं सोनं पावणेनऊ तोळे होतं. आई-वडिलांना किंवा मुलांना देऊन जकात फिटत नाही, त्यांना सांभाळणं तसंही आपल्यावर असतंच. फित्रा वेगळा. तो घरातल्या माणशी, तान्ह्या बाळाचासुद्धा, ईदच्या नमाजाआधी द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही सण होतो.

भाभी जकातीच्या हिशेबासाठी जुने कागद काढून बसल्या होत्या. त्यात त्यांना बँकेची एक पावती सापडली, तीन वर्षांपूर्वीची, सातशे रुपयांची.

हे सातशे रुपये आम्हाला चांगले आठवत होते. त्या वर्षी हिशेबात तेवढे कमी पडले होते. बँकेत पैसे भरायला जाणारी ताई म्हणत होती, मी भरले. पावती मिळेना. आम्ही तिला चोर म्हटलं नाही, पण भर बैठकीत तिच्या पिशवीकडं बघत गप्प बसलो. तिनं पदरचे सातशे भरले आणि गट सोडला. पैसे बँकेत जमा होते. नोंद भाभींच्या हातून दुसरीच्या पानावर चढली होती, आणि आम्ही ते तपासलं नव्हतं.

भाभी पावती घेऊन आमच्याकडं आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आम्ही म्हटलं, तुमचे रोजे चालू आहेत, देवाकडं माफी मागा, तो देईल. त्यांनी मान हलवली. तौबा म्हणजे नुसतं तोंडानं म्हणणं नाही, असं त्या म्हणाल्या. चूक थांबवायची, मनापासून वाईट वाटायला हवं, आणि पुन्हा करणार नाही असं ठरवायचं. देवाचं चुकलं असेल तर एवढ्यानं भागतं. माणसाचं चुकलं असेल तर त्या माणसाचं देणं फेडावं लागतं आणि माफी त्याच्याकडूनच आणावी लागते. दुसऱ्याच्या हक्काचं देव आपल्या खात्यातून माफ करत नाही. खोटं बोलणं सुटलं नाही तर नुसत्या उपाशी पोटाची देवाला गरज नाही, असंही त्यांच्यात सांगितलंय.

मग आम्ही गेलो. भाभी, अध्यक्षताई आणि आम्ही. सव्विसावा रोजा, दुपारची वेळ. ताई अंगणात शेंगा फोडत होती. पैसे आणि पावती तिच्यापुढं ठेवली, आमचं चुकलं म्हणालो. ती बराच वेळ पावतीच बघत राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षं मी त्या रस्त्यानं गेले नाही." पुढं काही बोलली नाही. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, आम्हाला दिला आणि भाभींना म्हणाली, "तुमचा उपास असंल, तुम्ही सावलीत तरी बसा."

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात आम्ही चूक आणि माफी दोन्ही लिहिली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तिच्या सहीची जागा मोकळी आहे. गटात परत यायचं की नाही, ते तिनं अजून सांगितलेलं नाही आणि आम्हीही विचारत नाही. ईदला भाभींनी शीरखुर्म्याचा डबा तिच्याकडं धाडला. दोन दिवसांनी डबा परत आला, आत शेंगदाण्याचे चार लाडू होते.