चार वाजवणारे, एक चाल: हॉर्न सेक्शनसाठी हार्मनी कशी लिहायची?

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. त्यांच्याकडे ट्रम्पेट, आल्टो सॅक्सोफोन, टेनर सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन असे चौघे आहेत. चौघं एकच चाल वाजवतात तेव्हा छान वाटतं, पण प्रत्येकाला वेगळा सूर दिला की नुसता गोंगाट होतो. मग हार्मनी सोडूनच द्यायची का?

अजिबात नाही. पण चार सूर एकत्र वाजले म्हणजे हार्मनी झाली, असं होत नाही. प्रत्येकाची स्वतःची चाल गाता आली पाहिजे, तरच चौघं मिळून एका माणसासारखे वाजतात.

आपण सरगमच वापरू. सी म्हणजे सा धरा. आता दोन गट करा. पहिला गट: सा, ग, प, ध. दुसरा गट: रे, म, कोमल ध, नी. बघा, आपले सातही शुद्ध स्वर आले आणि एक कोमल ध जास्तीचा. पाश्चात्त्य भाषेत पहिला गट म्हणजे सी सिक्स्थ कॉर्ड, दुसरा डिमिनिश्ड सेव्हन्थ.

नियम सोपा आहे. चालीतला सूर ज्या गटातला असेल, त्याच गटातले उरलेले तीन सूर त्याच्या लगेच खाली ठेवायचे. चाल प, ध, नी, तार सा अशी वर चढत असेल, तर असं होतं:

ट्रम्पेट: प – ध – नी – तार सा
आल्टो: ग – प – कोमल ध – ध
टेनर: सा – ग – म – प
ट्रॉम्बोन: मंद्र ध – सा – रे – ग

आता आडवं वाचा. प्रत्येक जण पायरी पायरीने वर जातोय, कोणालाही लांब उडी नाही. उभं वाचा: पहिला, दुसरा आणि चौथा सूर पहिल्या गटातला, आणि मधला नी दुसऱ्या गटातला. तो नी म्हणजे जाता जाता लागणारा सूर. तिथेही सा-ग-प-धच धरून ठेवलं असतं तर नी अडखळला असता. दुसऱ्या गटामुळे क्षणभर ताण येतो आणि लगेच सुटतो. कानाला जी ओढ वाटते ना, ती इथून येते.

कोणी विचारेल, पहिल्या गटात ध कशाला, सा-ग-प-नी का नको? चाल तार सा वर असताना त्याच्या अगदी खाली नी वाजवून बघा. अर्ध्या सुराचं अंतर वरच्या दोन वाद्यांत घासतं आणि चालच झाकोळते. म्हणून ध.

हे झालं जवळजवळ बसवलेलं लेखन. त्यात धार असते, पण सगळे एका सप्तकात दाटीवाटीने. आवाज रुंद हवा असेल तर वरून दुसरा सूर उचला आणि एक सप्तक खाली टाका. याला ड्रॉप टू म्हणतात. आल्टोची ओळ सप्तकभर खाली उतरून ट्रॉम्बोनकडे जाते, टेनरची आल्टोकडे आणि ट्रॉम्बोनची टेनरकडे. ट्रम्पेट जागेवरच. सूर तेच, पण आता आवाजाला पाया मिळाला. फक्त फार खालच्या सप्तकात सूर जवळजवळ ठेवू नका, तिथे चिखल होतो.

आता सगळ्यात जास्त तालीम वाया घालवणारी गोष्ट: कागद. ट्रॉम्बोनसाठी जे ऐकू यायला हवं तेच लिहायचं. ट्रम्पेट बी फ्लॅटमधलं वाद्य, म्हणून एक पूर्ण सूर वर लिहायचं. टेनरला तेच, आणि शिवाय एक सप्तक वर. आल्टो ई फ्लॅटमधला, म्हणजे नऊ अर्धसूर वर. आपल्या चालीतले जी, ए, बी, सी हे ट्रम्पेटच्या कागदावर ए, बी, सी शार्प, डी होतात. ही एक पायरी चुकली की हार्मनी कितीही सुंदर असो, गोंगाटच ऐकू येणार. त्या श्रोत्यांनी आधी हेच तपासावं.

ही कला आपल्यापासून लांबची नाही बरं का. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाचं वाद्यवृंदाचं काम त्यांनी उभं केलं. सॅबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी अरेंजर होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्र यांचे सहायक होते, आणि ‘अलबेला’ (1951) मध्ये त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. चाल संगीतकाराच्या नावावर राहिली. चौघांचे कागद ज्यांनी लिहिले, त्यांची नावं मात्र श्रेयनामावलीत क्वचितच आली. म्हणून ती जुनी गाणी ऐकताना एकदा चाल सोडून फक्त मधला आवाज धरा. तिथे कोणीतरी विचार केलेला असतो.

शेवटचं. प्रत्येक सुराला हार्मनी लागत नाही. जलद तुकडा चौघांनी एकसुरात वाजवा आणि ओळीच्या शेवटच्या दोन-तीन सुरांवर चार भाग उघडा. परिणाम दुप्पट होतो. आणि श्वासाची जागा कागदावर खूण करून ठेवा. ही हार्मोनियम नाही, माणसं फुंकताहेत!

या आठवड्याचा गृहपाठ: एका ओळखीच्या गाण्याची फक्त एक ओळ घ्या, दोन गट लावा, आणि चारही भाग आधी स्वतः गाऊन बघा. जो भाग गाता येत नाही, तो बदला. जमलं तर रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकू. भेटू!