सारसाच्या पानापाशी

त्या कादंबरीतली विहीर बोलायची आणि मी तिचं ऐकत होतो. नायकाचा मेलेला आजा रोज तिन्हीसांजेला ओट्यावर येऊन विडी मागायचा, त्यातही मला काही वावगं वाटलं नाही. एक वाघ गावातल्या माणसांना नावानिशी ओळखायचा, तेही मी मानलं. मग 112वं पान आलं. धानाच्या बांधीत सारसाची जोडी उभी असते आणि नायक त्यातल्या एकाला गोळी घालतो. दुसरा दोन दिवस तिथंच घिरट्या घालत राहतो. नायक धुऱ्यावर बसून हसतो. इथपर्यंत मी वाचत होतो. पण पुढच्याच ओळीत खुद्द निवेदक सांगतो, की पोरानं त्या दिवशी नाव काढलं, आता तो खरा मर्द झाला. तिथं माझं मन जागचं हलेना.

ती ओळ मी तीनदा वाचली. बोलणारी विहीर ज्या मनानं सहज पचवली, त्याच मनाला एवढंसं विधान पचू नये, याचं नवल मला अजून वाटतं. निसर्गाचे सगळे नियम मी लेखकाच्या हवाली करून बसलो होतो. भलं काय नि बुरं काय, एवढं मात्र मी माझ्याकडे ठेवलं होतं आणि ठेवलंय याचा मला पत्ताही नव्हता.

या कोड्यानं मोठमोठ्या डोक्यांना छळलं आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1757 साली अभिरुचीवरच्या निबंधात ते नेमकं हेरलं. जुन्या काव्यातले चुकीचे समज, विचित्र देवदेवता हे सगळं आपण सोसतो, असं तो म्हणतो. पण दुष्टपणा दाखवला आणि त्यावर दोषाची खूण केली नाही, की आपल्याला त्या भावनेत शिरता येत नाही. पुढे 1990 च्या दशकात केंडल वॉल्टन या अमेरिकी तत्त्वज्ञानं हाच धागा उचलला. त्याचं उदाहरण अंगावर काटा आणतं. एक आई तान्ह्या बाळाचा जीव घेते आणि निवेदक म्हणतो की मुलगीच होती, म्हणजे योग्यच केलं. आई, बाळ, मृत्यू हे सगळं आपण कल्पनेत उभं करतो. ‘योग्यच केलं’ हे मात्र गोष्टीपुरतंही खरं होत नाही. ते त्या निवेदकाचं मत म्हणून कागदावर नुसतं पडून राहतं. टामार गेंडलर या तत्त्वज्ञ बाईंनी 2000 साली याच कोड्यावर गाजलेला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याला तशी कल्पना करता येत नाही असं नाही, आपण ती करायला राजी नसतो. कारण अशा वाक्यात लेखक आपल्या हाती गोष्टीबाहेर, खऱ्या जगातही वापरायचं माप देतोय, असा आपल्याला वास येतो.

करता येत नाही, की करायचं नाही? यावर तत्त्वज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या भाषेत मात्र दोन्हींसाठी एकच सुंदर बोल आहे: मन घेत नाही. त्यात असमर्थताही आली आणि नकारही.

माझं मन का घेत नव्हतं, ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आमच्या गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यात. दर उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांची मोजणी होते आणि दोन्ही जिल्हे मिळून आकडा गेली काही वर्षं पन्नाशीच्या आतच आहे. जवळजवळ पुरुषभर उंचीचा हा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. रोवणी आटोपली, की जोडी पाणी साचलेल्या बांधीत गवताचा नि पेंढ्याचा ढीग रचते. त्यावर बहुधा दोन अंडी. महिनाभर नर-मादी पाळीपाळीनं ती उबवतात. त्या ढिगाखाली नि भोवताली थोडंफार धान जातंच. बाघ नदीकडच्या एका गावात मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं होतं, “काका, नुकसान होत असेल ना?” त्यांनी हातातला विळा धुऱ्यावर ठेवला, घरट्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “जोडी हाय ना जी ते. कोन हात लावल?”

ते वाक्य माझ्या आत कुठं जाऊन बसलं होतं, हे मला 112व्या पानावर कळलं.

मी पुस्तक मिटलं, ते शिकारीचं वर्णन आहे म्हणून नव्हे. रामायणाचा उगमच एका पारध्याच्या बाणातून सांगितला जातो. जोडीतला क्रौंच पडला आणि वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला. तो क्रौंच म्हणजे सारसच, असं काही अभ्यासकांचं मत आहे. हत्या दोन्हीकडे तीच आहे. एकीकडे सांगणाऱ्याचं काळीज हललं, दुसरीकडे सांगणारा टाळ्या मागतोय.

आणि सांगणारा गप्पच राहिला तर? इथं वाचकानं घाई करू नये, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ 1965 मध्ये आली. मुंबईच्या नाक्यावरचा पोक्या त्यात आपल्या टोळक्याची करणी आपल्याच भाषेत सांगत जातो आणि लेखक मधे पडून कुणाला बोल लावत नाही. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. ह्यूमला हवी असलेली दोषाची खूण तिथं दिसत नव्हती, आणि खूण नाही म्हणजे लेखकाची संमती आहे, असं पुष्कळांनी धरलं. आज ती मराठीतली महत्त्वाची कादंबरी मानली जाते. तिथली शांतता वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवते, आणि ती खुर्ची टोचते. म्हणून पुस्तक टोचलं, की आधी पाहावं: लेखक मला वाईट दाखवतोय, की वाईटाला चांगलं म्हणायला लावतोय?

दुसरं असं, की मी माझ्या हातातलं पुस्तक मिटणं वेगळं आणि तुमच्या हातातलं काढून घेणं वेगळं. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’वर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी राग शमला नाही. शेवटी 2009 च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांनी सोडलं. दुखावलेल्यांचं दुःख खरं होतं, हे मी मानतो. पण ज्यानं ते पुस्तक उघडलंच नव्हतं, त्याचा स्वतःच्या मनानं थांबण्याचा हक्क त्यात गेला, याची मला आजही खंत वाटते.

आपल्या घरांतून पुस्तक अर्धं सोडण्याची एक जुनी धास्ती असते. पारायणाला बसलं, की पोथी मधेच ठेवायची नाही. उलट पशुपक्ष्यांची भाषा शिकवणारी निळावंतीची पोथी पुरी वाचायची नाही, वाचणारा वेडा होतो, अशी समजूत. कादंबरीला यातला कुठलाच नेम लागू नाही. तिथं थांबायची जागा वाचकाची स्वतःची असते.

मी ते पुस्तक वाचनालयात परत केलं. तुमच्यावर अशी वेळ आली, तर पुस्तक खाली ठेवण्याआधी एवढं करा: पानाचा आकडा वहीत टिपा, ज्या वाक्यापाशी अडलात ते पुन्हा एकदा सावकाश वाचा, आणि त्याच्या शेजारी तुम्हाला ज्याची आठवण झाली त्या माणसाचं नाव लिहा. माझ्या वहीत 112 पुढे बाघ नदीकाठच्या त्या काकांचं नाव आहे.