जेथून वार्ता येत नाही

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. अंदाजित खर्च २६०० कोटी रुपये. आजवर टिपल्या गेलेल्या बहुतेक गुरुत्वीय लहरी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उद्भवलेल्या आहेत. तेव्हा पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात कृष्णविवरांसाठी एवढा पैसा कशाला, असे करदाता विचारणारच, आणि तो प्रश्न अप्रस्तुत नाही. याहून टोकदार आक्षेप असा की, ज्याच्या आतून प्रकाशकिरणही बाहेर येत नाही, त्याच्या अंतरंगाविषयीच्या सिद्धांतांना शास्त्र म्हणावे की नवे पुराण?

उत्तरापूर्वी हे सिद्धांत काय सांगतात ते पाहिले पाहिजे. कार्ल श्वार्झशिल्डने १९१६ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांची जी उकल काढली, तिच्यानुसार सूर्याइतके वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबले तर त्याभोवती परतीचा मार्ग नसलेली एक सीमा निर्माण होते. ही सीमा म्हणजे भिंत नव्हे. कृष्णविवर प्रचंड असेल तर ती ओलांडणाऱ्याला काही जाणवणारही नाही. खरे नवल पुढे आहे. सीमेच्या आत केंद्राकडे जाणारी दिशा ही अवकाशातील दिशा उरत नाही, ती काळाची दिशा होते. म्हणजे केंद्र हे वळसा घालून टाळता येईल असे ठिकाण नसते. उद्याची सकाळ जशी टाळता येत नाही, तसा तो येणारा क्षण असतो. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. ते स्वतःभोवती फिरत नाही असे धरले, तर आत गेलेल्याला जास्तीत जास्त मिनिटभराहून किंचित अधिक अवधी मिळतो. कितीही बलवान अग्निबाण जोडला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. अखेरीस अवकाशाची वक्रता अनंत होते. याच अवस्थेला सिंग्युलॅरिटी म्हणतात.

'अनंत' हे उत्तर आले की हिशेबात कोठे तरी चूक आहे, असे कारकुनालाही वाटते. लिफ्शिट्झ आणि खलात्निकोव्ह या सोविएत शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले. ताऱ्याचा गोल अगदी निर्दोष मानल्यामुळे सारे द्रव्य एका बिंदूवर येते, प्रत्यक्षात ते चुकेल, असे त्यांनी १९६३ मध्ये मांडले. १९६५ साली रॉजर पेनरोज यांनी दाखवून दिले की, आकार कितीही वेडावाकडा असला तरी शेवट चुकत नाही. या कार्यासाठी त्यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिद्धतेच्या मुळाशी असलेले समीकरण अमलकुमार रायचौधुरी यांचे, १९५५ साली प्रसिद्ध झालेले. हे गृहस्थ पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत होते.

वाद मात्र मिटलेला नाही. फिरत्या कृष्णविवराची उकल १९६३ साली देणारे रॉय कर यांनी २०२३ मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, सिंग्युलॅरिटी सिद्धच झालेली नाही असा आक्षेप घेतला. शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये वेगळी वाट दाखविली: पुंजवादाचा हिशेब धरला तर वक्रता अनंत होत नाही, त्या क्षणापलीकडे अवकाश चालूच राहते आणि तेथून सारे बाहेरच्या दिशेने उलगडू लागते.

मग पडताळा कोठे? तो आत नाही, बाहेर आहे. दोन कृष्णविवरे एक झाली तर नव्या सीमेचे क्षेत्रफळ आधीच्या दोहोंच्या बेरजेहून कमी असणार नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितले. या नियमाच्या सिद्धतेत रायचौधुरींचे समीकरण आहे, आणि आतली सिंग्युलॅरिटी कधी उघडी पडत नाही हे गृहीतही आहे. जानेवारी २०२५ मध्ये टिपलेल्या एका लहरीवरून दोन कृष्णविवरांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर, तर मीलनानंतरचे सुमारे ४,००,००० भरले. महाराष्ट्राहून लहान असलेले महाराष्ट्राहून मोठे झाले! गृहीत यामुळे सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु ते खोटे पडण्याची संधी त्याला मिळाली होती. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक ज्या 'समतोला'वर तासच्या तास बोलतो, त्याला अशी संधी क्वचितच मिळते.

म्हणून वेधशाळेचे समर्थन रोजगार आणि पर्यटन यांच्या आकड्यांनी करणारे मला पटत नाहीत. तेवढ्यासाठी २६०० कोटींचे याहून चांगले उपयोग सहज सुचतील. हिशेब मागायचाच तर दुसरा मागावा. यंत्र हिंगोलीत बसेल, पण त्याचे आलेख वाचणारी मुले कोठून येणार? मराठवाड्यातील महाविद्यालयांत पदार्थविज्ञान आणि गणित यांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि किती अध्यापक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबत आहेत, याची यादी सरकारने वेधशाळा सुरू होण्याआधी प्रसिद्ध करावी.