परीक्षेचे दिवस आणि अर्धशिशी
बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतील संशोधकांनी शहर व लगतच्या ग्रामीण भागातील १८ ते ६५ वयोगटातील २,३२९ व्यक्तींची पाहणी केली, तेव्हा वर्षभरात डोकेदुखी झालेल्यांचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, तर अर्धशिशीचे, म्हणजे बहुधा डोक्याची एक बाजू ठणकवणाऱ्या आणि प्रकाशही नकोसा करणाऱ्या विकाराचे, सुमारे २५ टक्के आढळले. विद्यापीठीय विद्यार्थी या वयोगटाच्या उंबरठ्यावर असतात, आणि जागरण, चुकलेले जेवण व ताण ही अर्धशिशी चेतवणारी कारणे परीक्षेच्या काळात एकत्र येतात. खरी चिंता गोळ्यांची आहे: साधी वेदनाशामकेही महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेल्यास मूळची डोकेदुखी औषधानेच बळावते, तिला औषधाच्या अतिवापरातून उद्भवणारी डोकेदुखी म्हणतात.