डोंगरउतारावरची चिकणमाती आणि आपले शिवार

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली की वसतिगृहात नवे विद्यार्थी दाखल होतात. काही शेगावच्या आसपासच्या काळ्याभोर शिवारातले असतात, काही बुलढाणा-चिखलीकडचे म्हणजे घाटावरचे, तर काही संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याचे. इतिहासाच्या पहिल्याच तासाला आम्ही त्यांना एक काम सांगतो : पुढच्या खेपेस घरून येताना आपल्या शिवारातली मूठभर माती आणा. ती माती काचेच्या बरणीत पाण्यासह घुसळून आम्ही खिडकीत ठेवतो. रेती असेल तर ती घटकाभरात तळाशी बसते. आपल्याकडच्या बरण्यांत मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असते. घाटावरची असो, पायथ्याची असो वा शेगावची असो, प्रत्येक बरणीत चिकणमाती भरपूर निघते.

इतिहासाच्या शिक्षकाला मातीशी काय कर्तव्य, असा प्रश्न पालक कधीकधी विचारतात. आमचे उत्तर असे की, कोणाच्या वाट्याला कोणती माती आली, हाही इतिहासच आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या बरणीतल्या गढूळ पाण्याची हकिकत सविस्तर मांडावी, असे आम्हांस वाटले.

अग्नीतून आलेला खडक

शेगावच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग. या दोहोंच्या मधल्या खोलगट पट्ट्यातून पूर्णा नदी वाहते. दोन्ही डोंगर एकाच खडकाचे आहेत. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे लोटामागून लोट बाहेर आले, एकावर एक थिजले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा खडक, म्हणजेच बेसॉल्ट, पसरलेला आहे.

या खडकाची चिकणमातीच का होते? पूर्व विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडे, ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. त्यांत गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण असतात. क्वार्ट्‌झ सहजासहजी कुजत नाही; खडक फुटला तरी त्याची रेती उरते. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतोच. त्यातली फेल्डस्पार, पायरॉक्सीन यांसारखी खनिजे पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने हळूहळू विघटित होतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटे होतात, आणि सिलिका व अ‍ॅल्युमिना पुन्हा एकत्र येऊन पापुद्र्यांसारखी नवी खनिजे बनतात. तीच चिकणमाती. घाटरस्त्याच्या कडेला खोदलेल्या दरडीत ही क्रिया उघड्या डोळ्यांनी दिसते. मधोमध टणक गोटा, त्याभोवती कांद्याच्या पातींसारखे सुटत गेलेले थर, त्याबाहेर मुरूम आणि सर्वांत वर माती.

चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहूनही लहान असतो. आपल्या काळ्या मातीतल्या प्रमुख चिकण-खनिजाचे पापुद्रे इतके पातळ असतात की, अवघ्या एक ग्रॅमचे एकूण पृष्ठफळ सातशे ते आठशे चौरस मीटर भरू शकते. त्या पृष्ठभागावर पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवली जातात. पाणी मिळाले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते; उन्हाळ्यात ती आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीच्या अशा काळेपणामुळे तिच्यात सेंद्रिय खत भरपूर असेल, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. थोडासाच सेंद्रिय अंश या चिकण-खनिजाशी घट्ट जखडून बसतो आणि मातीला तो रंग देतो.

एकच डोंगर, अनेक माती

डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत गेले तर पावलागणिक माती बदलते. माथ्यावर व तीव्र उतारावर ती वीतभरही खोल नसते. रंगाने तांबूस-तपकिरी, मुरमाड. आपण तिला बरड म्हणतो. तिथे तयार होणारी बारीक माती पावसाबरोबर खाली जाते, म्हणून ती कायमच बाल्यावस्थेत राहते. मधल्या टप्प्यावर आणि डोंगरातल्या सपाट जागी ती खोल होत जाते. पायथ्याशी, जिथे वरून आलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमही साचते, तिथे भारी काळी जमीन सुरू होते.

झाडेही याची साक्ष देतात. अंबाबरवा आणि ज्ञानगंगा अभयारण्यांत फिरलेल्या माजी विद्यार्थ्यांना आठवेल की, खडकाळ उतारावर सालई एकेकटी उभी असते. पाण्याचा निचरा होणाऱ्या खोल मातीत साग सरळ वाढतो, तर पाणी साचणाऱ्या चिकण पट्ट्यात तो खुरटतो आणि तिथे पळस व बाभूळ दिसू लागतात. माती तपासण्याची प्रयोगशाळा नसतानाही डोंगरातला कोरकू किंवा निहाल म्हातारा झाड पाहून जमिनीचा कस सांगतो, तो या अनुभवावरच.

पावसाचे मानही निर्णायक ठरते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस इतका पडतो की, मातीतले कॅल्शियम धुऊन जाते आणि न फुगणारी, लाल चिकणमाती तयार होते. महाबळेश्वर-पाचगणीचा जांभा हे त्याचे पुढचे रूप. तरीही सह्याद्रीत काही ठिकाणी एवढ्या पावसातही काळी, फुगणारी माती टिकून आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधले. बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचे पांढरे स्फटिक असतात. ते विरघळताना मातीला सतत कॅल्शियम पुरवतात आणि तिचे लाल मातीत होणारे रूपांतर रोखतात. आपली मुले डोंगरातून चकाकणारे पांढरे दगड गोळा करून आणतात, त्यांत असे स्फटिकही असतात.

अजिंठ्याच्या भिंतीवरचा धडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फुगणारी आणि आकसणारी ही माती उतारावर टिकते तरी कशी?

याचे उत्तर आम्हांस अजिंठ्याच्या लेण्यांत सापडले. ज्या रांगेत ती लेणी कोरली आहेत, तीच रांग पूर्वेस आपल्या जिल्ह्यात येते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत तिथे काम चालले. त्या जगप्रसिद्ध चित्रांखाली रंगाआधी मातीचा गिलावा आहे. भिक्खू-उपासकांनी नेमलेल्या त्या कारागिरांना ठाऊक होते की, नुसती चिकणमाती भिंतीला लावली तर ती वाळताना तडकेल आणि गळून पडेल. म्हणून त्यांनी तीत खडकाची भरड, धान्याचा भुसा, गवत व वनस्पतींचे तंतू मिसळले. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. माती, भरड आणि तंतू यांच्या मेळामुळे ती चित्रे सुमारे दीड हजार वर्षे टिकली.

कारागिराने भिंतीवर जे केले, तेच जंगल उतारावर करते. मुळे हे मातीतले तंतू. पालापाचोळा पावसाच्या थेंबाचा मार स्वतःवर घेतो. गांडुळे आणि वाळवी मातीचे बारीक, रवाळ ढेकूळ बनवतात. कुजलेल्या मुळांच्या जागी उरलेल्या नळ्यांतून पाणी खोल उतरते. चिकणमाती फुगून तिच्या भेगा मिटल्या तरी या वाटा खुल्या राहतात. जंगल तोडले की हे सारे काही वर्षांत नाहीसे होते. थेंबांच्या माऱ्याने मातीचे रवे फुटतात, वर पापुद्रा धरतो, पाणी आत जात नाही आणि वाहत्या पाण्याबरोबर माती निघते. वीतभर माती घडण्यास हजारो वर्षे लागतात. ती जाण्यास काही पावसाळे पुरतात.

याहून भीषण प्रकारही घडतो. कुजलेल्या बेसॉल्टवर बसलेला मातीचा जाड थर अतिवृष्टीत पाणी पिऊन जड होतो, खालच्या खडकावरची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले. 151 माणसे मरण पावली. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. दोन्ही वस्त्या आदिवासींच्या होत्या. अशा आपत्तींना केवळ निसर्गाचा कोप म्हणून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. पाऊस निसर्गाचा असतो. पण धोक्याच्या उताराखाली कोणाला राहावे लागते, हे समाजरचना ठरवते.

बरड कोणाच्या वाट्याला?

डोंगरावरून निघालेली माती शेवटी पूर्णेच्या खोऱ्यात आली. शेगावचे भारी शिवार हे त्या दोन्ही डोंगरांचे देणे आहे. पण इथेही चिकणमातीला निचऱ्याची वाट मिळाली नाही. कमी पावसाच्या हवामानात कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाजूला पडत गेले, मातीत सोडियमचे प्रमाण वाढले आणि अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तयार झाला. म्हणजे वरची माणसे माती टिकत नाही म्हणून त्रस्त, आणि खालची माणसे पाणी निघत नाही व विहिरीचे पाणी खारे म्हणून त्रस्त.

या दोहोंच्या मध्ये तिसरा एक वर्ग आहे, ज्याला जमीनच नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्या संघर्षाच्या परंपरेतून आपल्या अनेक कुटुंबांनी गायरान कसायला घेतले. गायरान म्हणजे बहुधा गावाने पेरणीस नालायक ठरवलेली जमीन : उताराची, मुरमाड, वीतभर खोलीची. त्या बरडावर आपल्या आया-बहिणींनी दगड वेचून ज्वारी-तूर पिकवली. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या वीतभर मातीने भागवला आहे.

म्हणूनच मातीचे हे ज्ञान आपल्यासाठी हौसेचा विषय नाही. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली जात आहे. तलावात साचलेला गाळ म्हणजे डोंगरावरून गेलेली हीच चिकणमाती. ती भारी काळ्या रानात टाकली तर निचरा आणखी बिघडतो. मुरमाड रानात टाकली तर ते रान ओलावा धरू लागते. या गाळावर पहिला हक्क बरड कसणाऱ्याचा आहे, हे न्यायानेही खरे आहे आणि शास्त्रानेही. मात्र गाळ टाकण्याआधी उताराला आडवे बांध घालावेत, बांधावर गवत व झाडे लावावीत आणि पिकाचा काडीकचरा न जाळता शेतातच कुजू द्यावा. नाहीतर आणलेली माती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तलावात जाईल.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज कृषी खात्यात आहेत, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी शिक्षक. त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे. गावच्या ग्रामसभेत गाळाचा किंवा चर खोदण्याचा विषय निघेल तेव्हा उभे राहावे, कोणत्या रानाला कोणती माती हवी ते सांगावे आणि गायरान कसणाऱ्याचे नाव यादीत आहे की नाही, हे वाचून पाहावे.

आणि शाळेत याल तेव्हा आपल्या शिवारातली मूठभर माती जरूर आणा. खिडकीत बरण्यांना अजून जागा आहे.