कुंड्यांसाठी फिल्टर घेताय? आधी पाणी तपासा

गंगापुरात अनेक घरांच्या कुंड्या बोअरच्या पाण्यावर वाढतात. उन्हाळ्यात कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागतो. टोमॅटोची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग बागेसाठीही फिल्टर बसवावा, असे वाटते.

हा परिसर बेसॉल्ट खडकाचा. त्यातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळतात. बायकार्बोनेटमुळे मातीचा सामू वाढतो. मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात.

जाळीचा फिल्टर गाळ अडवतो, ठिबकची तोंडे बुजू देत नाही. पण विरघळलेले क्षार त्यातून सरळ निघून जातात. कार्बन फिल्टर नळाच्या पाण्यातील क्लोरीन व वास कमी करतो. क्षारांवर त्याचाही इलाज नाही.

खरी फसगत होते ती मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरने. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. भांड्यांवर डाग पडत नाहीत, पण सोडियमने काळी माती घट्ट बसते आणि पानांच्या कडा करपतात. हे पाणी कुंड्यांना देऊ नये.

आरओ क्षार काढतो. मात्र लिटरभर शुद्ध पाण्यामागे बऱ्याचदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. टंचाईच्या भागात कुंड्यांसाठी ही चैन परवडणारी नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार अधिकच दाट असतात. ते फरशी पुसायला वापरावे, रोज कुंडीत ओतू नये.

म्हणून खर्च करण्याआधी माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेतून पाण्याची विद्युत वाहकता, सोडियम आणि बायकार्बोनेट तपासून घ्या. वाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल, तर क्षारांची चिंता सहसा नसते. ३ च्या वर गेल्यास बहुतेक भाज्यांना ते पाणी सोसत नाही. मधल्या पाण्यावर साधे उपाय चालतात : कुंडीला मोठे छिद्र, भरपूर शेणखत आणि अधूनमधून तळातून पाणी वाहून जाईल इतके भरघोस पाणी, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात.

सर्वात चांगले पाणी मात्र छतावर पडते. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे १,००० लिटर पाणी मिळू शकते. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्या, उरलेले जाळीतून गाळून झाकणाच्या टाकीत साठवा. ते बोअरच्या पाण्यात मिसळले, तरी क्षारांचे प्रमाण कमी होते. टाकीचा खर्च एकदाच. आरओची मेम्ब्रेन मात्र पुन्हा पुन्हा बदलावी लागते.