बालरूप आकृतिबंध

बालरूप आकृतिबंध (जर्मन: किंडशेनशेमा) ही प्राणिवर्तनशास्त्रातील एक संकल्पना आहे. शरीराच्या मानाने मोठे डोके, उंच व फुगीर कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूस असलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय या लक्षणांच्या समुच्चयाला हे नाव आहे. ही लक्षणे दिसताच माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते, अशी मांडणी ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये केली. मानवी अर्भक दीर्घकाळ परावलंबी असते. त्याला पाहून त्याची काळजी घेण्याची प्रवृत्ती ज्यांच्यात प्रबळ, त्यांची संतती जगण्याची शक्यता अधिक, असे याचे उत्क्रांतिवादी स्पष्टीकरण दिले जाते.

ही प्रतिक्रिया मुळीच चोखंदळ नसते. प्राणी पिल्लू आहे की प्रौढ, किंबहुना सजीव आहे की भुसा भरलेला, याने तिच्यात फारसा फरक पडत नाही.

== खेळणी व व्यंगचित्रे ==

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या टेडी अस्वलांचे कपाळ बसके व नाक लांब, म्हणजे बरेचसे खऱ्या अस्वलासारखे असे. पुढे कपाळ उंच आणि नाक आखूड होत गेल्याचे रॉबर्ट हाइंड व एल. ए. बार्डन यांनी १९८५ मध्ये मोजमापांनी दाखवले. १९९५ मधील एका अभ्यासात मात्र चार वर्षांच्या मुलांनी अशा बाळसेदार अस्वलांना विशेष पसंती दिली नाही. ती सहा व आठ वर्षांच्या मुलांत आढळली. खेळण्याचे रूप बदलले ते त्याच्याशी खेळणाऱ्या तान्ह्यांमुळे नव्हे, तर ते विकत घेणाऱ्या मोठ्यांमुळे, असा अर्थ यातून निघतो. मिकी माउसचे डोळेही डोक्याच्या लांबीच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे स्टीफन जे गूल्ड यांनी नोंदवले आहे.

== प्राण्यांवरील परिणाम ==

पग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या कुत्र्यांचा चपटा चेहरा निवडक प्रजननातून घडला आहे. कवटी आखूड झाली, तरी टाळूचा मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाला नाही; त्यामुळे श्वासमार्ग अडतो. कुत्रे मुख्यत्वे धापा टाकून शरीर थंड ठेवत असल्याने भारतातील उन्हाळा या जातींना विशेष जाचक ठरतो. त्यांचे घोरणे अनेक मालकांना गोड वाटते. वस्तुतः ते श्वास अडल्याचे लक्षण असते.

स्लो लोरिस या निशाचर प्राण्याचे टपोरे डोळे अंधारात पाहण्यासाठी असतात. गुदगुल्या केल्यावर तो हात वर करतो, ही खेळकर हालचाल मानली गेली. प्रत्यक्षात कोपराजवळच्या विषारी ग्रंथी तोंडाजवळ आणण्याचा तो बचावाचा पवित्रा आहे. चोरट्या व्यापारात, चावू नये म्हणून, त्याचे दात अनेकदा उपटले जातात.